घरी राहून चालू घडामोडी: कोकणातल्या नव्या उमेदवारांसाठी राज्यकारभार आणि धोरणांची तयारी

राज्यसेवेची किंवा यूपीएससीची तयारी सुरू करणारी कोकणातली मुलं-मुली पहिल्या महिन्यात बहुतेक एकच गोष्ट करतात. टेलिग्रामवरच्या चार-पाच गटांत शिरायचं आणि रोज येणाऱ्या पीडीएफ मोबाईलमध्ये भरून ठेवायच्या. तीन महिन्यांनी त्यातल्या निम्म्याही उघडलेल्या नसतात, आणि 'पुण्याला गेल्याशिवाय काही खरं नाही' हे मनात पक्कं होतं. पुण्याला जायला माझा विरोध नाही. पण राज्यकारभार आणि सार्वजनिक धोरण या भागाच्या चालू घडामोडी राजापूर, गुहागर, वेंगुर्ले किंवा श्रीवर्धनात राहून उत्तम तयार करता येतात. त्या कशा करायच्या, तेवढंच इथे सांगतो.

मुख्य मुद्दा आधीच मांडतो. बातमी पाठ करू नका, निर्णय समजून घ्या. निर्णयाच्या मागे कायदा असतो, पुढे पैसा असतो, तो राबवणारा अधिकारी असतो, त्याने अडचणीत येणारे लोक असतात, आणि बऱ्याचदा कोर्टात एखादं प्रकरण चालू असतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला यातलं पुष्कळसं घरापासून जवळच दिसतं. मासेमारी, बंदरं, किनारा नियमन, पश्चिम घाट, भूसंपादन, मे महिन्यातली पाणीटंचाई, जुलैतला पूर हे सगळे सामान्य अध्ययनाचे विषय आहेत. आपण त्यांना 'गावच्या गोष्टी' म्हणून बाजूला सारतो आणि दिल्लीतल्या बातम्या रटत बसतो.

आधी परीक्षा काय मागते ते पाहा

२०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पेपर नऊ. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण फक्त पात्र ठरण्यापुरते. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. हे झाले १७५०. त्यात मुलाखतीचे २७५ मिळवले की २०२५. यूपीएससीचा साचाही हाच आहे, त्यामुळे दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करणं आता पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय.

याचा चालू घडामोडींवर थेट परिणाम होतो. पूर्वपरीक्षेला अजूनही तारीख, कलम, मंत्रालय, आकडा लागतो. मुख्य परीक्षेत मात्र 'का', 'कोणी', 'कोणाच्या पैशाने' आणि 'अडलं कुठे' हे लिहावं लागतं. म्हणून प्रत्येक विषयाची टिपणं काढताना पानाचे दोन भाग करा. डावीकडे पूर्वपरीक्षेची तथ्यं, उजवीकडे मुख्य परीक्षेचे मुद्दे.

पाच-सहा विषय धरा, बाकीचे सोडा

सुरुवातीला सगळं वाचायचा हव्यास नको. पाच-सहा विषय ठरवा, प्रत्येकाची एक फाईल करा आणि वर्षभर बातमी आली की ती त्या फाईलमध्ये टाका. कोकणातल्या उमेदवाराने मासेमारी, किनारा आणि घाट, पाणी आणि ग्रामपंचायत, आपत्ती, स्थानिक निवडणुका, फळबाग आणि रोजगार हमी हे विषय घ्यावेत असं मी सुचवेन. हे सहा नीट झाले की संघराज्य, विकेंद्रीकरण, न्यायालयीन हस्तक्षेप, केंद्र-राज्य निधीवाटप अशी सामान्य अध्ययनातली मोठी प्रकरणं त्यातच येऊन जातात.

एक विषय तळापर्यंत: पर्ससीनचा वाद

फाईल कशी भरायची ते एका उदाहरणाने दाखवतो. मालवण, हर्णे किंवा मिरकरवाडा बंदरावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (माशांचा थवा चोहोबाजूंनी वेढून ओढणारं मोठं जाळं वापरणारे) यांच्यात तणाव, पोलिस बंदोबस्त, नौका पकडली, मोर्चा निघाला अशा बातम्या दरवर्षी येतात. वाचणारा वाचतो आणि पान उलटतो. तुम्ही थांबा आणि पुढचे प्रश्न विचारा.

हा विषय कोणाच्या अखत्यारीतला? केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटणाऱ्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे, नोंद २१. पण प्रादेशिक जलधीच्या पलीकडची मासेमारी केंद्रसूचीत आहे, नोंद ५७. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा चालतो. तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात केंद्राचा अधिकार. समुद्रात काही रेघ ओढलेली नसते. १२ मैलांच्या बाहेर परवानगी असल्याचं सांगणारी नौका आतमध्ये जाळं टाकते, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार असते. ते सिद्ध करायचं तर गस्तीनौका हवी, माणसं हवीत, यंत्रणा हवी. अधिकारांची वाटणी आणि अंमलबजावणीतली दरी यांवर उत्तर लिहायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

कायदा कोणता? महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. पर्ससीनवर २०१६ मध्ये राज्याने निर्बंध आणले, त्यामागे सोमवंशी समितीचा अहवाल होता. एलईडी दिव्यांच्या प्रकाशात मासे ओढण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने मूळ कायद्यात दुरुस्ती केली. दंडाच्या रकमा लाखांत नेल्या आणि प्रकरणं निकाली काढण्याचा अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिला. या शेवटच्या बदलाकडे उमेदवारांचं लक्ष जात नाही, पण धोरणाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. तहसीलदाराकडे महसूल, निवडणूक, टंचाई, दाखले अशी शंभर कामं. नौकेची सुनावणी लांबते आणि दंडाचा धाक उरत नाही. अधिकार खात्याकडे दिला की काम लवकर व्हावं ही अपेक्षा. मात्र तपास करणारं आणि दंड ठरवणारं खातं एकच झालं, हा आक्षेपही त्यातून निघतो. उत्तरात दोन्ही बाजू लिहा.

दुसऱ्या राज्यात काय घडलं? तामिळनाडूने पर्ससीनवर पूर्ण बंदी घातली होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने १२ मैलांच्या पलीकडे, ठरावीक अटींवर, आठवड्यातले सोमवार आणि गुरुवार हे दोन दिवस परवानगी दिली. ही एक ओळ तुमच्या उत्तरात आली की परीक्षकाला कळतं, या उमेदवाराने विषय जिल्ह्याबाहेर नेऊनही पाहिलाय.

पैसा कुठून? २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची घोषित गुंतवणूक २०,०५० कोटी रुपये. मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय असं वेगळं केंद्रीय मंत्रालय २०१९ मध्ये झालं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलतींचं दार मच्छीमाराला उघडलं. ते प्रत्यक्षात किती उघडलं हे बघायचं असेल तर मच्छीमार सहकारी सोसायटीत जाऊन सचिवांना विचारा. सोसायटीची माणसं उत्सुकतेने बोलतात, फक्त हंगामातली पहाटेची वेळ टाळा.

सर्वात शेवटी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची पावसाळी बंदी. माशांचा प्रजननकाळ आणि वादळी समुद्र ही तिची दोन कारणं. पूर्वपरीक्षेला तारखा, मुख्य परीक्षेला कारणं आणि त्या काळात खलाशांच्या पोटापाण्याचं काय, हा प्रश्न.

एक विषय असा खणायला आठवडा जातो. जाऊ द्या. दुसरा विषय अर्ध्या वेळात होतो, कारण सूची, कायदा, निधी, कोर्ट हा क्रम अंगवळणी पडलेला असतो.

शासन निर्णय वाचायला शिका

ज्याला शासन निर्णय, म्हणजेच जीआर, वाचता येतो त्याला चालू घडामोडींच्या पुस्तकाची निम्मी गरज उरत नाही, हे माझं ठाम मत आहे. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सगळ्या विभागांचे शासन निर्णय मराठीत, फुकट आहेत. नवीन माणूस पहिलं पान बघून घाबरतो. घाबरू नका, त्याची मांडणी ठरलेली असते.

वर विषय, मग विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक. त्याखाली 'वाचा' किंवा 'संदर्भ' असं लिहून जुन्या निर्णयांची यादी. ही यादी उमेदवाराचा खजिना आहे. योजना कधी सुरू झाली, कधी बदलली, केंद्राचं पत्र आधी आलं की राज्याने स्वतः ठरवलं, हे त्या सात-आठ ओळींतच कळतं. पुढे प्रस्तावना, तिच्यात कारण. मग 'शासन निर्णय' या मथळ्याखाली मूळ तरतुदी: लाभार्थी कोण, अटी काय, जिल्हास्तरावर समिती कोणाच्या अध्यक्षतेखाली. खाली लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यातून. शेवटी संगणक संकेतांक आणि 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ. राज्याचा सगळा कार्यकारी कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो असं सांगणारं घटनेचं कलम १६६ तुम्ही पुस्तकात वाचलेलं असतं. ते रोज कसं वापरलं जातं, ते इथे दिसतं.

सरावाला भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा निर्णय घ्या. २०१८ ची योजना, रोजगार हमीच्या फळबाग योजनेत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. क्षेत्राची मर्यादा कोकणात १० हेक्टर, बाकी राज्यात ६ हेक्टर. एकाच योजनेत दोन मर्यादा का, याचा विचार करा. वरकस, कातळाची जमीन, आंबा-काजूखेरीज दुसरं पीक घेणं कठीण, ही पार्श्वभूमी तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. आता अडचणीकडे या. सामाईक क्षेत्र असेल तर सहहिस्सेदारांची संमती लागते. आपल्याकडच्या एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, वारसनोंद झालेली नाही, एखादा भाऊबंद गणपतीलासुद्धा येत नाही. संमतीपत्र मिळवायचं कोणाचं? चांगली योजना जमिनीच्या नोंदीपाशी अडते ती अशी. शेतीविषयक जवळजवळ प्रत्येक योजनेला कोकणात ही अडचण येते, आणि भूमी अभिलेख सुधारणेवरच्या प्रश्नाला तुमच्याकडे पुस्तकाबाहेरचा मुद्दा तयार होतो.

रोजगार हमीचीच साखळी पुढे नेऊ. १९७२ चा दुष्काळ, महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा, १९९० मध्ये रोहयोशी जोडलेली फळबाग योजना जिच्यातून कोकणात आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या, २००५ चा केंद्रीय कायदा, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी आणलेला नवा कायदा. नव्या कायद्यात दिवस १०० चे १२५ झाले, खर्चाची वाटणी बहुतेक राज्यांसाठी ६०:४० झाली, आणि शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा आली. पूर्वी अकुशल मजुरीचा भार केंद्र उचलत होतं. आता राज्याच्या तिजोरीवर किती ताण येईल आणि हमीची जी मूळ कल्पना याच राज्यातून देशाला मिळाली तिचं काय होईल, हा येत्या परीक्षांचा प्रश्न आहे असं मी धरून चाललोय.

ग्रामसभेला जा

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे नेहमीचे दिवस. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. घटनेचं कलम २४३-अ वाचून जा आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसा. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होणं, महिलांची सभा आदल्या दिवशी कागदावर उरकणं, किंवा एखाद्या गावात खरोखर तावातावाने चर्चा होणं, जे दिसेल ते लिहून घ्या. मे महिन्यातली सभा चुकवू नका. चाकरमानी गावी आलेले असतात आणि पाण्यावर वाद हमखास होतो.

पाणी हा कोकणातला सर्वात शिकवणारा विषय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, नद्या आखूड, पाणी काही तासांत खाडीला मिळतं. त्यात वस्ती विखुरलेली. टंचाईचे सरकारी तक्ते पाहा, त्यात 'गावे' आणि 'वाड्या' असे वेगळे रकाने असतात. एका ग्रामपंचायतीत दहा वाड्या, त्या दोन डोंगरांवर. सपाटीच्या गावाला जेवढी जलवाहिनी पुरते, तेवढीत इथे दोन वाड्याही होत नाहीत.

आता जल जीवन मिशन वाचा. १५ ऑगस्ट २०१९ ची घोषणा, माणशी रोज ५५ लिटर, महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा निम्मा-निम्मा, मूळ मुदत २०२४, नंतर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली. नळजोडणी किती घरांना दिली हा आकडा बातमीत येतो. तुम्ही उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, विचारा. विहीर किंवा विंधन विहीर मार्चमध्ये आटली, तर जोडणी कागदावर शंभर टक्के आणि हंडा डोक्यावर, अशी स्थिती होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता. हा बंधित निधी तुमच्या गावात कशावर खर्च झाला, ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात दिसतं. आराखडा मागा. दिला नाही तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ काय सांगतं ते वाचा. ती माहिती स्वतःहून जाहीर करणं अपेक्षित आहे. दाखल्यासाठी खेटे घालावे लागले तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उघडा: पदनिर्देशित अधिकारी, पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. दोन्ही कायदे असे वापरून शिकले की विसरत नाहीत.

किनारा, घाट, प्रकल्प: जिथे आपण स्वतः गुंतलेले असतो

इथे खास सावध राहा. जैतापूर, नाणार, बारसू, वाढवण या प्रकल्पांच्या नावांवर कोकणातल्या घराघरांत मतं आहेत. तुमचंही असेल, असायलाच हवं. उत्तरपत्रिकेत मात्र आधी चौकट लागते.

किनारा नियमनाच्या अधिसूचना तीन: १९९१, २०११, २०१९. तिन्ही पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खालच्या. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, कमी असेल तिथे २०० मीटर. नवे नियम लागू व्हायला आधी किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर व्हावा लागतो. घरदुरुस्तीसाठी अडलेला मच्छीमार आणि किनाऱ्यावर रिसॉर्ट बांधू पाहणारा व्यावसायिक, दोघेही याच नियमाखाली येतात. त्यांना एकाच मापाने मोजायचं का, हा खरा धोरणात्मक प्रश्न.

पश्चिम घाटाबाबत दोन अहवाल. माधव गाडगीळ समितीचा २०११ चा आणि कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. गाडगीळ समितीने पूर्ण घाटाची तीन पातळ्यांत विभागणी सुचवली आणि निर्णयात ग्रामसभेला मध्यभागी ठेवलं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांबद्दल त्या समितीला खास मत विचारलं होतं, हे आपल्याकडच्या उमेदवाराला ठाऊक असायलाच हवं. कस्तुरीरंगन गटाने सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील धरलं. २०१४ पासून मसुदा अधिसूचना निघताहेत, सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र. सहा-सहा मसुदे का लागतात? राज्यांचे आक्षेप, खाणी, गावांच्या याद्या, आणि 'आमच्यावर निर्बंध, फायदा कोणाला' ही स्थानिकांची शंका. तसंच ३० जुलै २०२४ चं वायनाडचं भूस्खलन आणि दुसऱ्याच दिवशी निघालेला सहावा मसुदा, हा क्रम लक्षात ठेवा.

बंदरांसाठी पुन्हा सातवी अनुसूची. महाबंदरं केंद्रसूचीत, बाकी बंदरं समवर्ती सूचीत. राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळ. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे ७६,२२० कोटी, त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि सागरी मंडळाचा २६ टक्के. डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणाची परवानगी २०२३ ची. मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासूनचा. याच जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र असल्याने तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, आणि २००६ चा वनहक्क कायदाही इथे महत्त्वाचा ठरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या उमेदवारांनी या दोन कायद्यांसाठी पालघरच वाचावं.

नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पुढे जागा बारसूकडे सरकली, एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणावरून आंदोलन झालं. त्याच परिसरातल्या कातळशिल्पांसह कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. सरावासाठी एका पानावर सरकारचे मुद्दे लिहा आणि दुसऱ्या पानावर गावकऱ्यांचे, दोन्ही सारख्याच ताकदीने. ज्या बाजूला तुमचं मन नाही तिचं पान कच्चं राहतं. ते पुन्हा लिहा.

आपत्ती

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१, चिपळूणचा पूर आणि महाडजवळची तळीये दरड दोन्ही २२ जुलै २०२१, इरशाळवाडी जुलै २०२३. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्यात २०२५ मध्ये दुरुस्ती होऊन मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद आली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्र ७५, राज्य २५.

एवढं सगळ्यांकडे असतं. तुम्ही भरपाईचे निकष जोडा. निसर्गनंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, अलिबाग भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या. केंद्रीय निकषाने फळबागेला हेक्टरी १८,००० होते, राज्याने ते ५०,००० केले. पण इथली बाग हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. पाच गुंठ्यांत दाटीने लावलेली सुपारी, तिच्या सावलीत मसाल्याची झाडं, आणि त्यावर घर चालतं. हेक्टरी दराने त्या पाच गुंठ्यांचे अडीच हजार रुपये होतात. म्हणून बागायतदार झाडामागे भरपाई मागत होते. नुकसान मोजायचं एकक चुकलं की रक्कम वाढवूनही मदत पोचत नाही, हा मुद्दा लिहिलेलं उत्तर मला फारसं सापडत नाही.

निवडणुका, थोडक्यात

कलम २४३-ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते. कारण ओबीसी आरक्षण: मार्च २०२१ चा विकास किशनराव गवळी निकाल, त्यातली तिहेरी चाचणी (स्वतंत्र आयोग, स्थानिक संस्थानिहाय प्रमाण, एकूण ५० टक्क्यांची मर्यादा), २०२२ चा बांठिया आयोग, मग प्रभागरचनेचे वाद, आणि ६ मे २०२५ चा निवडणुका घ्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. ही साखळी तोंडपाठ हवी. जोडीला जिल्हा नियोजन समिती, कलम २४३-झेडडी. पालकमंत्री हे पद घटनेत नाही, तरी जिल्ह्याच्या निधीच्या चाव्या त्यांच्याकडे असतात.

टिपणाला तारीख घाला

प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर तारीख हवीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती प्रकरणात कार्योत्तर, म्हणजे काम सुरू झाल्यावर दिलेली, पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. ज्याच्या वहीत फक्त पहिली नोंद राहिली, तो आत्मविश्वासाने चुकीचं लिहून येईल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहाही फाईली उघडा आणि काय बदललं एवढंच तपासा.

वाचनासाठी रोज एक मराठी आणि शक्य असल्यास एक इंग्रजी वर्तमानपत्र, तास-दीड तास, बस्स. विधेयकं समजायला पीआरएस या विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे सारांश. केंद्राच्या निर्णयांना पत्र सूचना कार्यालय, त्याची मराठी निवेदनंही येतात. राज्यासाठी 'महासंवाद' आणि 'लोकराज्य'. मार्चमध्ये अर्थसंकल्पाआधी येणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, आणि सहसा कोणी न उघडणारं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातं, तेव्हा जूनआधीच लागणारे कागद उतरवून घ्या, जमल्यास छापून ठेवा. रत्नागिरीत असाल तर १८२८ मध्ये सुरू झालेलं जिल्हा नगर वाचनालय आहे. इतर तालुक्यांच्या गावीही वाचनालयं आहेत आणि तिथे दुपारी बसायला जागा मिळते.

आठवड्याला किमान दोन उत्तरं हाताने लिहा. दहा गुणांचं १५० शब्दांत, पंधरा गुणांचं २५० शब्दांत, घड्याळ लावून. पहिल्या दोन ओळींत घटनात्मक किंवा कायदेशीर आधार, मग स्थिती, मग अडचणी, मग मार्ग. स्थानिक उदाहरण एकच आणि तेही दोन ओळींत. कोकणाबद्दल खूप माहिती झाली की सगळीच ओतायचा मोह होतो, आणि प्रश्न राज्याचा किंवा देशाचा असतो.

मुलाखतीसाठी वेगळं काही करावं लागत नाही, पण जिल्ह्याचं एक पान तयार ठेवा. सिंधुदुर्गचे असाल तर १ मे १९८१ ची निर्मिती आणि ओरोसचं मुख्यालय. पालघरचे असाल तर १ ऑगस्ट २०१४. २०१८ मध्ये हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन आणि त्यात येणारे पाच जिल्हे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी कोकणातले पाच: रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. त्यापुढे 'तुम्ही या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी झालात तर पहिल्या सहा महिन्यांत काय कराल?' हा प्रश्न लिहा आणि आपल्या सहा फाईलींतून त्याचं उत्तर काढा. कोणत्या कायद्याने, कोणत्या निधीतून, कोणाला सोबत घेऊन, हे त्यात आलं पाहिजे.

सुरुवात उद्यापासून करायची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाचा अलीकडचा एक शासन निर्णय उतरवून घ्या, त्यातली 'वाचा' ही यादी वहीत काढा आणि तिच्यातला सर्वात जुना निर्णय आधी वाचा.